पडू दे तिला

आधीच सांगते, तो गेम वाईट आहे. लोक म्हणतात वेगळ्या प्रकारचा आहे, मूळ मालिकेशी तुलना करू नका, मजा घ्या. मी करणार तुलना. ज्या मालिकेचं नाव लावून तो विकायला आणला तिच्याशी नाही करायची, तर काय भेंडीच्या भाजीशी करायची?

मी मीरा रोडला एका क्लासमध्ये मराठी शिकवते. समोरच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी गुजराती, निम्म्यांच्या घरी हिंदी, आणि सगळ्यांना मराठीत पास तेवढं व्हायचं असतं. त्यामुळे दिवसभर माझा आवाज चढलेला असतो आणि घरी आल्यावर तो खाली यायला वेळ लागतो. नवरा एसी दुरुस्त करतो. तो मुळातच कमी बोलणारा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीने त्याला बघून सांगितलं होतं की चांगलं आहे, घरात एकाने तरी ऐकायला हवं.

त्याच्याकडे एक जुना कन्सोल होता, नया नगरच्या एका दुकानातून सेकंडहँड घेतलेला. मी आधी नाक मुरडलं. एवढा घोडा झालास तरी गेम काय खेळतोस, असं तोंडावर म्हटलं. त्याने नुसती सोफ्यावर सरकून जागा केली. तो तेव्हा ती रोल-प्लेइंग गेमची मालिका खेळत होता, पहिला भाग. इंग्रजी वाचायचा त्याला कंटाळा, म्हणून सगळी बोलणी न वाचताच पुढे ढकलत होता. मला ते सहन झालं नाही. अरे, ती म्हातारी काहीतरी सांगतेय तुला, ऐक तरी, म्हणत मी वाचायला बसले आणि तिथेच अडकले.

मालिका अशी होती: चौघांची एक टोळी आणि पुढे लांबलचक प्रवास. लढाई आली की सगळे थांबतात. आधी तुमचा टर्न, मग त्यांचा. तुमचा टर्न असताना तुम्ही उठून चहा टाकून आलात, तरी समोरचा राक्षस शस्त्र उगारून उभाच. मला ते भारी आवडायचं. विचार करायला इतका वेळ मला आयुष्यात कुणी दिलेला नाही. लढाई संपली की मुक्काम, मुक्कामाला शेकोटी, आणि शेकोटीपाशी गप्पा. कोण काय बोललं, तुम्ही काय उत्तर दिलंत, यावर पुढची गोष्ट फिरायची. निम्मा गेम बोलण्यातच जायचा.

आमची पद्धत ठरून गेली. कंट्रोलर त्याच्या हातात. मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि ठरवायचं. त्याने बटणं दाबायची. कुठल्या टर्नला कोणाला पुढे पाठवायचं, औषध कधी वापरायचं, सगळं माझ्याकडे. सासूबाई तिथेच खाली बसून सुकट निवडायच्या. आमच्याकडे बघून मान हलवायच्या, पण टीव्ही त्यांच्या मालिकेच्या वेळेला मोकळा मिळाला की त्यांची तक्रार नसायची. आमचं लग्न खरं त्या सोफ्यावर लागलं असं मी मैत्रिणींना सांगायचे आणि त्या मला वेड्यात काढायच्या.

तिसऱ्या भागात एक पोर भेटते. गाव जळून गेलेलं, आईबाप नाहीत, नऊ-दहा वर्षांची. ती टोळीबरोबर निघते, पण तिला स्वतःचं नाव आठवत नसतं. नाव तुम्ही द्यायचं. स्क्रीनवर रिकामी चौकट लुकलुकत राहते.

तेव्हा मला दिवस होते. आणि आमच्याकडे, म्हणजे भाईंदरच्या खारी गावातल्या माझ्या सासरी, त्याचे नियम कडक. पाळणा आधी आणायचा नाही. दुपटं शिवायचं नाही. आणि नाव तर मुळीच काढायचं नाही. ते आत्याने ठेवायचं. बारशाला तिने बाळाच्या कानात सांगायचं, बायकांनी कुर्रर्र करत तिच्या पाठीत धपाटे घालायचे, आणि मग जगाने ते घ्यायचं. त्याआधी आईबापांच्या मनात असेल तर असू दे, ओठांवर नको. सासूबाईंनी हे मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं आणि मी हो हो म्हटलं होतं.

आमच्या मनात होतंच. मुलगा असो की मुलगी, दोघांना चालेल असं. एकमेकांच्या कानात एकदाच बोललो होतो आणि मग गप्प बसलो होतो. ती चौकट लुकलुकायला लागली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाक. इथलं कोण मोजतंय?

मग काय, आम्हाला त्या नावाची चटकच लागली. रोज संध्याकाळी घ्यायला मिळायचं. ते नाव चढावर चढतंय, ते नाव शेकोटीपाशी हट्ट करतंय, ते नाव खोटं बोलताना पकडलं गेलंय. सासूबाईंनी विचारलं कोण गं ही, तर आम्ही सांगितलं, आहे गेममधली एक पोर. त्या म्हणाल्या, बरं.

पण ती पोर लढाईत कच्ची होती. एका फटक्यात पडायची. आणि तिला उठवायचं औषध सगळ्यात स्वस्त. त्यामुळे हिशोब सरळ होता: मोठा राक्षस असला की तिला पुढे ठेवायचं, त्याचा फटका तिच्यावर जाऊ द्यायचा आणि तेवढ्यात बाकीच्यांनी काम उरकायचं. नवऱ्याला ते जमायचं नाही. ती पडली की तो लगेच औषधाकडे जायचा. मी ओरडायचे. नाव घेऊन ओरडायचे. पडू दे तिला, टर्न वाया घालवू नकोस, नंतर उठवू. सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा माझा आवाज आहे, हे मी आधी सांगितलंच आहे.

सातव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं, वार, म्हणजे प्लासेंटा, आधीच सुटली होती, यात कुणाचं काही चुकलेलं नाही, असं होतं. मला ते समजलं. समजून काय करायचं असतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. मुलगी होती हे मला नर्सकडून कळलं. नणंद हॉस्पिटलात आली, बाहेरच्या बाकावर भावाजवळ बसली, आणि नाव काही ठरवलं होतं का रे, असं तिने हळूच विचारलं. त्याने सांगितलं. ते नाव त्याच्या तोंडून बाहेर आलं ते शेवटचं.

नणंदेने पुढे आईला सांगितलं असणार. मी घरी आल्यावर बायका भेटायला येत होत्या. एका दुपारी सगळ्या गेल्या, मी आत पडले होते, नवरा माझ्या पायाशी बसला होता, आणि स्वयंपाकघरात सासूबाई लेकीशी बोलत होत्या. हळू बोलत होत्या, पण दोन खोल्यांचं घर आहे आमचं.

"न्हाय ठेवलेल्या नावानं पोरीला रोज मारत व्हती दोघं. मंग काय व्हनार?"

नणंद म्हणाली, आई, गप गं. नवऱ्याने माझ्या पायावरचा हात काढून घेतला. सासूबाई वाईट नाहीत. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, मला न्हाऊ त्यांनी घातलं. त्यांनी ते आम्हाला दुखवायला म्हटलं नव्हतं, त्यांना तसंच वाटत होतं, आणि म्हणूनच ते वाक्य घरातून गेलं नाही.

त्यानंतर नवरा बोलेना. म्हणजे जेवायला वाढ, चावी कुठे आहे, उद्या वसईला काम आहे, एवढं बोलायचा. पण तिच्याबद्दल एक शब्द नाही. मी विषय काढला की उठून गॅलरीत जायचा. रडताना त्याला मी पाहिलं नाही. माझ्या रडण्याच्या वेळी तो नेमका अंघोळीला असायचा. मला एवढंच हवं होतं की त्याने तिच्याबद्दल एक वाक्य माझ्याशी बोलावं. एकच. बरं नाहीतर वाईट, कसंही. ते झालं नाही तर मी विरारला आईकडे निघून जाणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि जाणं म्हणजे नुसतं चार दिवस राहायला जाणं नव्हतं.

आणि अशात तो नवा गेम आला.

त्याचा ट्रेलर आम्ही मिळून पाहिला होता, पोट दिसायला लागलं तेव्हा. याच मालिकेतून काढलेली एक फांदी, तिसऱ्या भागानंतर दहा-बारा वर्षांनी घडणारी. तेव्हाच मला शंका आली होती, कारण ट्रेलरभर कोणी बोलतच नव्हतं. नवऱ्याने तो आणला आणि त्या दिवसापासून कामावरून आला की हातपाय न धुता तो लावून बसायला लागला. हॉलमधून नुसता खणखणाट. तलवारीचा सपकारा, किंकाळी, सपकारा, किंकाळी. मी आत वह्या तपासायचे आणि लाल पेनाने पानं फाटायची.

तर त्या गेमविषयी माझी मतं. टर्न काढून टाकलेत. कोणी कोणासाठी थांबत नाही. एक बटण दाबलं की तलवार फिरते, दुसरं दाबलं की जास्त फिरते, आणि समोरून माणसं येतच राहतात, कापली जायलाच आलेली. त्यांना चेहरे नाहीत. मूळ मालिकेत एका चोराला मारायचं की सोडायचं यावर आम्ही अख्खी संध्याकाळ भांडलोय! इथे बाजारपेठभर माणसं आडवी होतात आणि कोपऱ्यात नुसता आकडा वाढतो. शेकोटी नाही. मुक्काम नाही. टोळीतल्या लोकांना ठरलेली दोन-तीन वाक्यं दिलीत, तीच लढता लढता ओरडतात. आणि कोणी मरत नाही. साथीदार पडला तर थोड्या वेळाने आपला आपण कपडे झटकून उठतो. मग पडण्याला अर्थ काय राहिला? ज्यांनी आम्हाला बोलायला शिकवलं त्यांनीच हे केलं, याचा मला जास्त संताप होता.

मालिकेच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, सगळी हिंदी-इंग्रजी पोरं. तिथे मी हे सगळं लिहिलं. रोज लिहिलं. कोणी म्हणालं, दीदी चिल, तर त्याला चार ओळी जास्त. कोणा एकाने लिहिलं होतं की माझं सध्या डोकं चालत नाही, लांब गोष्ट झेपत नाही, हा गेम आहे म्हणून संध्याकाळ निघते. त्यालाही मी सोडलं नाही. डोकं चालत नसेल तर झोपा, असं लिहिलं. नवरा भिंतीपलीकडे बसलेला होता आणि मी अनोळखी माणसांशी भांडत होते, कारण ती निदान उत्तर तरी देत होती.

एकदा घरातही तोंड सोडलं. त्याला म्हटलं, तुझ्यात आणि त्या बटणात काही फरक राहिलेला नाही. ज्या गेममध्ये बोलायला लागत नाही तोच बरोबर शोधलास. आपला जुना गेम लाख पटीने चांगला होता, तो खेळायला माणूस लागतो. हे मी इतक्या वेळा म्हटलं की सासूबाईंनीही एकदा विचारलं, त्याचं तसं नि हिचं असं, मंग कोनता गेम बरा? त्याने फक्त आवाज कमी केला.

मग तो रविवार आला. सासूबाई सकाळीच लेकीकडे गेल्या होत्या. जेवणं झाली होती, खाली रिक्षावाल्याचं आणि भाजीवाल्याचं हिंदीत जुंपलं होतं, आणि हॉलमध्ये खणखणाट सुरू झाला. माझी बॅग कपाटावरून काढून मी पलंगावर ठेवली होती. भरली नव्हती. आधी काय ते तोंडावर बोलून घेऊ म्हणून बाहेर गेले, त्याच्या शेजारी बसले, आणि बोलायच्या ऐवजी दुसरा कंट्रोलर उचलला. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित भांडायला पुरावा हवा होता.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. तोवर मी आमच्या टीव्हीवर तो गेम पाहिलेलाच नव्हता. माझी सगळी मतं मोबाइलवर दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून बनलेली. हॉलमधून जाताना मी मान खाली घालून जायचे. कारण नवा गेम सुरू करताना तो जुन्या गेमचा साठवलेला सेव्ह उचलतो, आणि तिसऱ्या भागातली ती पोर त्यात आहे, तुम्ही दिलेल्या नावासकट, हे मला माहीत होतं.

होती. मोठी झालेली. वीसेक वर्षांची असेल, उंच, सावळी, केस आवळून बांधलेले, हातात भाला. डोक्यावर ते नाव. ठसठशीत, पांढऱ्या अक्षरांत.

गेमचा पहिला टप्पा, म्हणजे पहिला नकाशा होता, जळकी बाजारपेठ. मला आश्चर्य वाटलं. इतके आठवडे खेळतोय आणि अजून पहिल्याच नकाशात? मी माझा माणूस पुढे काढला, सपासप मारत चौक पार केला, वेशीचं दार उघडलं. तो आलाच नाही. वळून पाहिलं तर तो मागे, तिच्याभोवती. ती जाईल तिथे तो जात होता. तिच्या जवळ कोणी आला की कापायचा, दूर असला की सोडून द्यायचा. पुढे जायचं नाही, काही जिंकायचं नाही. ती उभी राहिली की तोही उभा.

मी म्हटलं, "चल ना पुढे. दार उघडलंय."

"पुढे नको," तो म्हणाला. "पुढे गर्दी वाढते. ती मागे राहते आणि घेरतात तिला."

"या गेममध्ये उठते ती आपली आपण."

"मला तिला पडलेलं बघायचं नाही."

त्याचा अंगठा चालूच होता. मी माझा कंट्रोलर मांडीवर ठेवला. बाजारपेठेतली माणसं येत होती, पडत होती. मग स्क्रीनवरून नजर न काढता त्याने विचारलं, "आई म्हणाली ते खरं असेल का?"

"नाही," मी म्हटलं. "वार सुटली होती. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलंय." मुलांना पेपरात काय येणार ते सांगते त्याच आवाजात म्हटलं.

"मग जुना गेम परत का नाही लावलास तू? एवढा चांगला आहे म्हणतेस तर."

माझ्याकडे कारणं असतात. कशालाही असतात. क्लासच्या वह्या, पाठदुखी, टीव्ही तुझ्याच ताब्यात असतो. पण तोंड उघडल्यावर बाहेर आलं ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"ती तिथे पडलेली आहे," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी लढाई संपली तेव्हा ती पडलेली होती. तू औषध काढत होतास. मी म्हटलं, राहू दे, सेव्ह कर, उद्या उठवू. आणि त्याच रात्री पोटात हलायचं थांबलं."

त्याने बटणावरचा अंगठा उचलला. माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं.

"मला वाटलं हे फक्त मलाच आठवतंय," तो म्हणाला.

मग तो रडला. बसल्या जागी, कंट्रोलर हातात धरून, लहान मुलासारखा आवाज काढून. मी त्याला थांबवलं नाही, मला माझंच थांबवता येत नव्हतं. सासूबाई चारच्या सुमारास आल्या. पलंगावरची बॅग त्यांना दिसली, काही न विचारता त्यांनी ती उचलून परत कपाटावर ठेवली आणि चहा टाकला.

आता तो तिच्याबद्दल बोलतो. मधेच, काहीही, कुणासारखं नाक होतं तेसुद्धा. तो नवा गेम वाईट आहे हे माझं मत अजून बदललेलं नाही. जुना लावून तिला उठवायला हवं हे आम्हा दोघांनाही कळतंय. एका औषधाचं काम आहे. रविवार आला की तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते, आणि आम्ही अजून तो लावलेला नाही.